ट्रायटन : धड नॉर्टनचं, काळीज ट्रायम्फचं

या वीकेंडला अशा एका मोटरसायकलबद्दल लिहितोय जी कुठल्याही मोठ्या कारखान्याने कधी बनवलीच नाही. तिचा अधिकृत कॅटलॉग नाही, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल नाही. तरीही १९६० च्या आसपास इंग्लंडमधल्या पोरांना विचारलं असतं की स्वप्नातली बाईक कोणती, तर निम्म्यांनी तरी हेच नाव घेतलं असतं : ट्रायटन. ट्रायम्फमधला 'ट्राय' आणि नॉर्टनमधला 'टन'. त्यातही गंमत अशी की 'टन' म्हणजे तिथल्या बोलीत ताशी १०० मैल, आपल्या हिशोबात १६१ किलोमीटर. एका नावात दोन कंपन्या आणि एक वेड, तिन्ही बसले.

जुन्या बाईकला घरच्या घरी नवे पार्ट लावणं हे आज आपल्याकडे जोरात आहे. कुणी बुलेट कापतो, कुणी यझदीला एलईडी लावतो. मग त्यावर भांडणंही ठरलेली. एक पक्ष म्हणतो, ओरिजिनल गाडीला हात लावणं म्हणजे पाप. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पाना माझा, तुझं काय जातंय? या भांडणात ट्रायटनची गोष्ट कुणी सांगत नाही. खरं तर तीच आधी सांगायला हवी.

सुरुवात चासीपासून. १९४० च्या दशकात मोटरसायकलींची इंजिनं झपाट्याने सुधारत होती, पण फ्रेम मात्र सायकलच्याच खानदानातली राहिली होती. मागच्या चाकाला धड सस्पेन्शन नाही, असलं तरी नावापुरतं. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीची त्या वेळची रेसिंग फ्रेम तर 'बागेचं फाटक' या नावाने ओळखली जायची, यावरून काय ते समजा. बेलफास्टमध्ये रेक्स मॅककँडलेस नावाचा एक माणूस होता. इंजिनियरिंगची डिग्री वगैरे काही नाही, सगळं हाताने शिकलेलं. त्याने नॉर्टनसाठी एक नवीन फ्रेम केली. दोन बाजूंना दोन लांब नळ्या, प्रत्येक नळी हँडलच्या मुंडीपासून निघून मागे जाते, खाली वळते, इंजिनाच्या पोटाखालून पुढे येते आणि परत मुंडीशी येऊन भिडते. मागे स्विंग आर्म आणि दोन शॉकअब्सॉर्बर. बस्स. आज हे चित्र इतकं ओळखीचं वाटतं की यात नवीन काय, असा प्रश्न पडावा. पण जगाला ते इतकं ओळखीचं झालं त्यात या फ्रेमचा वाटा फार मोठा आहे.

१९५० साली ही फ्रेम रेसमध्ये उतरली. हॅरॉल्ड डॅनियल या रेसरने चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला. तेव्हापासून तिचं नाव 'फेदरबेड'. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटी रेसमध्ये सीनियर आणि ज्युनियर, दोन्ही गटांत नॉर्टनने पहिले तिन्ही नंबर नेले. सीनियर जिंकली जेफ ड्यूकने. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे या रेसिंग फ्रेम नॉर्टनच्या कारखान्यात बनतच नव्हत्या. तसं जोडकाम तिथे जमण्यासारखं नव्हतं म्हणून ते काम रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीकडे दिलेलं. म्हणजे आउटसोर्सिंग!

आता इंजिन. नॉर्टनच्या रेसिंग गाडीचं, म्हणजे मँक्सचं, इंजिन एका सिलिंडरचं. ताकदवान, पण नाजूक प्रकृतीचं आणि महागडं. रोज कामावर जायला ते घेणं म्हणजे भाजी आणायला रेसचा घोडा नेणं. याउलट कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फकडे एडवर्ड टर्नरने १९३७ मध्ये आणलेलं 'स्पीड ट्विन'चं इंजिन होतं : ५०० सीसी, दोन सिलिंडर शेजारी शेजारी, दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली. आटोपशीर, स्वस्तात बनणारं आणि पळवायला मोकळं. १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना बेचिराख झाला, मग कंपनीने मेरिडनला नवीन कारखाना उभारला. पुढे इंजिन ६५० सीसीचं झालं आणि १९५९ मध्ये त्यातून बॉनव्हिल आली. इंजिन म्हणून नंबर एक. पण ट्रायम्फची फ्रेम? वळणावर गाडी आपल्या मनाने चालायची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर मागच्या चाकाची स्प्रिंग चक्क चाकाच्या हबमध्ये कोंबलेली होती.

म्हणजे चित्र असं : उत्तम चासी एका कंपनीकडे, उत्तम इंजिन दुसऱ्या कंपनीकडे, आणि दोघी एकमेकींच्या स्पर्धक. कोणत्याही प्रॉडक्ट मॅनेजरने हात टेकले असते.

हा गुंता सुटला तो मोटरसायकलवाल्यांमुळे नाही, तर कारवाल्यांमुळे. युद्धानंतर इंग्लंडमध्ये ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कारचं खूळ आलं, १९५० मध्ये त्यालाच फॉर्म्युला थ्री हा दर्जा मिळाला. कूपरच्या त्या चिमुकल्या गाड्यांमध्ये मोटरसायकलचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसायचं, आणि जिंकायचं तर मँक्स नॉर्टनचंच इंजिन हवं. पण नॉर्टन नुसतं इंजिन विकायला तयार नव्हती. घ्यायची तर अख्खी मोटरसायकल घ्या. मग काय, कारवाले अख्खी मँक्स विकत घेत, इंजिन उपसून कारमध्ये टाकत आणि उरलेली गाडी, म्हणजे जगातली सर्वांत चांगली फ्रेम, चाकं, ब्रेक, टाकी, सगळं मिळेल त्या भावाला फुंकून टाकत.

दुसऱ्या बाजूला रस्त्यावर ठोकलेल्या, फ्रेम वाकलेल्या ट्रायम्फ भंगारात येत होत्या. त्यांची इंजिनं ठणठणीत. त्यात नॉर्टनच्या रोजच्या वापरातल्या डॉमिनेटर गाड्यांनाही १९५० च्या दशकात फेदरबेडच मिळाली, त्यामुळे सेकंडहँड फ्रेमची आवक आणखी वाढली.

एका ढिगात बिन-इंजिनाची फ्रेम, दुसऱ्या ढिगात बिन-फ्रेमचं इंजिन. मधे घरामागच्या शेडमध्ये कानस घासत बसलेला वीस-बावीस वर्षांचा फिटर किंवा लेथवाला. पुढचं सांगायला नकोच.

अर्थात 'बसवलं इंजिन' म्हणणं सोपं आहे. नॉर्टनच्या फ्रेमवर इंजिन धरायच्या जागा वेगळ्या, ट्रायम्फच्या क्रँककेसवरची भोकं वेगळी. मधे लागते ती इंजिन प्लेट : जाड ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा, ज्याच्या एका कडेला नॉर्टनची भोकं आणि दुसऱ्या कडेला ट्रायम्फची. आपल्या भाषेत अ‍ॅडॅप्टर. सगळी ट्रायटन या दोन-चार प्लेटांवर उभी आहे. आधी पुठ्ठ्यावर आकार कापायचा, मग पत्रा करवतीने कापायचा, कानशीने घासायचा, भोकं पाडायची. भोक मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर मागच्या चाकाची चेन तिरकी धावते आणि दातेरी चक्र खात सुटते. इंजिन किती पुढे आणि किती खाली घ्यायचं हाही निर्णय स्वतःचाच, कारण पुढच्या चाकावर किती वजन पडणार ते त्यावर ठरणार. १९६२ पर्यंत ट्रायम्फच्या ६५० चा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असायचा, म्हणून त्याची जागाही स्वतः ठरवायची. १९६३ पासून दोन्ही एकाच खोक्यात आले. जुनं वेगळं इंजिनच ट्रायटनला शोभतं असं मानणारे आजही खूप आहेत. दिसतंही तेच देखणं, माझं मत विचाराल तर.

आणि कंपन? दोन्ही पिस्टन एकदम वरखाली करणाऱ्या इंजिनाचा थरथराट काही फेदरबेडने कमी होत नव्हता. नट सैल व्हायचे, टाकीला तडे जायचे. रविवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला, पाने घेऊन सगळं पुन्हा आवळणे.

या गाड्या घेऊन पोरं जमायची ती लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेवर. १९३८ मध्ये ट्रक ड्रायव्हरांसाठी सुरू झालेला, रात्रभर उघडा असणारा ढाबाच तो. चहा, ज्यूकबॉक्स आणि बाहेर रस्ता. तिथूनच 'कॅफे रेसर' हा शब्द आला, आणि सुरुवातीला ती चक्क टवाळी होती : म्हणे रेसर, धावतो कुठे, तर कॅफेपर्यंत! खाली झुकलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट, लांबुळकी ॲल्युमिनियमची टाकी. हा सगळा साज मँक्सच्या रेसिंग गाडीवरून उचललेला. आज मॉलमध्ये 'कॅफे रेसर' लिहिलेले टी-शर्ट मिळतात तेव्हा मला याचं हसू येतं.

हसू येऊ नये अशीही एक बाजू आहे. यातली बरीच पोरं मेली. हेल्मेटसक्ती ब्रिटनमध्ये आली थेट १९७३ मध्ये. टायर आजच्या मानाने लाकडाचे म्हणावेत असे, ब्रेक ड्रमचे, आणि हाताखाली स्वतः जोडलेली १०० मैलांची गाडी. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १९६१ पासून शिकाऊ लायसन्सवर २५० सीसीच्या वरची मोटरसायकल चालवायला बंदी आली. सगळे दूर पळत असताना १९६२ मध्ये बिल शेरगोल्ड नावाचा एक पाद्री स्वतःच मोटरसायकलवरून एस कॅफेवर गेला आणि त्या चामडी जॅकेटवाल्यांना आपल्या चर्चच्या ५९ क्लबमध्ये बोलावून आला. पोरं गेली, आणि तो क्लब पुढे जगातल्या मोठ्या मोटरसायकल क्लबांपैकी एक झाला. असो, ती वेगळी कथा.

ट्रायटन म्हणजे नुसता पोरकटपणा नव्हता याचा पुरावा १९६५ मध्ये मिळाला. लंडनच्या ड्रेस्डा ऑटोजचा डेव्ह डेगन्स गिऱ्हाइकांना ट्रायटन बांधून द्यायचा. त्याने आणि रेक्स बुचरने मिळून अशीच एक ट्रायटन बार्सिलोनाच्या मॉंजुइक डोंगरावरच्या २४ तासांच्या रेसमध्ये उतरवली आणि रेस जिंकली. चोवीस तास, अरुंद वळणांचा रस्ता, आणि जिंकली कोण, तर जिला कुणी मायबाप कारखानाच नाही ती. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरवाली ७५० आली, बटण स्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेकसकट. त्याच वर्षी एस कॅफेही बंद पडला. २००१ मध्ये तो पुन्हा उघडला, पण तोवर ट्रायटन म्हातारी आणि मौल्यवान झाली होती.

आता आजच्या शेडमध्ये येऊ. जुनी ट्रायटन किंवा त्या काळची ट्रायम्फ घरी दुरुस्त करणारे लोक तिला कोणते नवे पार्ट लावतात? यादी पाहिली की कळतं, बाहेरून दिसणारं त्यात फार थोडं आहे.

पहिला नंबर इग्निशनचा. जुन्या पद्धतीत पॉइंट्स असतात : कॅमवर घासणारी एक फायबरची टाच, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फट, दर ठिणगीला उघडझाप. टाच झिजते, फट बदलते, टायमिंग सरकतं. शिवाय वेगाप्रमाणे ठिणगी आधी पडावी म्हणून दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा, त्याही कालांतराने ढिल्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये फिरणाऱ्या चकतीवर चुंबक आणि समोर कॉइल, स्पर्शच नाही. झिजायला काही उरलंच नाही. फक्त बदल्यात एक नवं अवलंबित्व येतं. जुनी मॅग्नेटोवाली गाडी बॅटरी नसतानाही किकवर सुरू व्हायची. नव्या डबीला व्होल्टेज लागतं, ते पडलं की ठिणगी बिघडते. म्हणून इग्निशन बदलायच्या आधी चार्जिंग सुधारा, हा क्रम. उलटा क्रम करणारे रस्त्यात गाडी ढकलताना दिसतात.

चार्जिंगचं गणित तर आपल्याला अकरावीतच शिकवलेलं आहे. जुना डायनॅमो ६ व्होल्टचा, ६० वॅटचा. म्हणजे १० अँपियर. तेवढीच पॉवर १२ व्होल्टवर घेतली तर ५ अँपियर, आणि तारेतली गळती एकदम चौथाई. त्यावर एलईडी हेडलाइट लावला की रात्री रस्ता दिसतो, जो पूर्वी फक्त आठवणीने चालवायचा. एक सापळा मात्र आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं! आजचे बहुतेक पार्ट निगेटिव्ह अर्थ गृहीत धरतात. वायरिंग न बघता जोडलं की धूर. सगळ्या 'लेगसी सिस्टिम'मध्ये असं एक तरी गृहीतक पुरलेलं असतंच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. जुन्या ट्रायम्फमध्ये आजच्यासारखा ऑइल फिल्टर नाही, फक्त जाळ्या. बारीक कचऱ्याचं काय? त्यासाठी क्रँकशाफ्टच्या आतच एक नळी ठेवलेली. शाफ्ट गरगर फिरतो, जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन नळीत साचतो. हुशार कल्पना, पण ती नळी साफ करायला अख्खं इंजिन फोडावं लागतं. साफ केली नाही तर एक दिवस ऑइलचा रस्ता बंद आणि बेअरिंगचा कार्यक्रम आटोपला. आज लोक टाकीकडे परत जाणाऱ्या ऑइलच्या पाइपवर सीटखाली कुठेतरी एक साधा फिल्टर बसवतात. कुणाला दिसतही नाही, आणि गाडीचं आयुष्य वाढतं.

ब्रेकचं काम तर ट्रायटनवाल्यांनी पूर्वीच सुरू केलं होतं. सुझुकी जीटी ७५० चा पुढचा मोठा ड्रम निघाल्यावर कित्येकांनी तो आपल्या गाडीला लावला. जपानी ब्रेक, ब्रिटिश इंजिन, दुसरीच ब्रिटिश फ्रेम... कुणाच्या बापाला कळणार यात ओरिजिनल काय ते.

आणि हा प्रश्न आता नुसता कट्ट्यावरचा राहिलेला नाही, कायद्यातही आला आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नसतील, तरच तिला 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल स्पष्ट केलंच होतं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागचं कारण मला पटतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडरने कापलेल्या बुलेटच्या चासी पाहिल्यात मी, त्यावर मागे बसायची माझी हिंमत नाही.

पण ब्रिटनचा नियम बघा. तिथे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, अट अशी की गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केलेले नसावेत. गेल्या ३० वर्षांत! म्हणजे १९६२ मध्ये कुणी शेडमध्ये जोडलेली आणि तेव्हापासून तशीच असलेली ट्रायटन ही त्या अटीला अडत नाही. तो बदल आता तिचा इतिहास झाला. आपल्या व्याख्येत मात्र अशी मुदत नाही. १९७० च्या आसपास कुणा फिटरने दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून वीस वर्षं चालवलेली मोटरसायकल आपल्याकडे व्हिंटेज ठरायची नाही, मग ती कितीही कौशल्याने केलेली असो. माझ्या मते हे चुकतंय. आपल्याकडे पार्ट मिळत नसत त्या काळात मेकॅनिकांनी लढवलेल्या युक्त्या हाच तर आपल्या मोटरसायकलींचा खरा इतिहास आहे, आणि तोच भंगारात जातोय.

दुसऱ्या पक्षालाही एक ऐकवायचं आहे. १९६० मध्ये ट्रायटन बनत होती ती उरलेल्या मालातून. आज कुणी धडधाकट डॉमिनेटर आणि धडधाकट बॉनव्हिल, दोन्ही फोडून एक ट्रायटन करतो, तेव्हा तो दोन गाड्या मारून एक करत असतो. दिसायला तेच काम, पण हिशोब उलटा.

जाता जाता एक योगायोग. एप्रिल २०२० मध्ये नॉर्टन कंपनी विकत घेतली ती आपल्या टीव्हीएसने. आणि २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० बनते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. म्हणजे ट्रायटनचं धड आता तामिळनाडूच्या मालकीचं, आणि काळजाच्या खानदानातली एक पाती पुण्याबाहेर तयार होते. मधे रॉयल एनफिल्डनेही २०१८ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी ६५० काढली : दोन सिलिंडर शेजारी शेजारी आणि फ्रेमच्या कामात इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सचा हात. शेडमध्ये जे दोन ढिगांतून जुळवावं लागायचं ते आता वॉरंटीसकट मिळतं.

बाकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि इग्निशन बदलायचं घाटतंय त्यांनी एक करा. नवीन भोक पाडू नका, जुन्या भोकांत बसेल असंच किट घ्या. आणि काढलेले पॉइंट्स, कंडेन्सर, वजनं, स्प्रिंगा एका डब्यात घालून वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या मालकाला लागतील.